बोटीच्या पिछाडीवर लिहिलेलं गाव : बोटीवरच्या मराठी मंडळींना खुलं पत्र

बोटीवरच्या समस्त मंडळींनो,

कप्तान साबांपासून भंडाऱ्यापर्यंत आणि सारंगापासून नुकतीच सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी पुस्तक, हातात पडलेल्या पोरापर्यंत सगळ्यांना सप्रेम नमस्कार. सुट्टीवर घरी असाल तर चहा घेत निवांत वाचा. बोटीवर असाल तर महिन्याचा नेटचा कोटा संपायच्या आत वाचून घ्या.

माझी चौतीस वर्षं इंजिनरूममध्ये गेली, त्यातली शेवटची अकरा बडा साब, म्हणजे चीफ इंजिनियर, म्हणून. आता गुहागर तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो आणि आंब्यांना पाणी घालतो. कपाटात तीन सीमन बुकं आहेत: एक आपलं, एक लायबेरियाचं आणि एक पॅसिफिकमधल्या मार्शल आयलंड्सचं. तिसऱ्यावर निळ्या झेंड्याच्या देशाचा शिक्का आहे. ते पुस्तक मी निदान पन्नास बंदरांत इमिग्रेशनवाल्यापुढे सरकवलं असेल, पण त्यातल्या माझ्या फोटोपलीकडे काही बघितलं नाही. माझ्या शेवटच्या पाचही बोटींच्या पिछाडीवर नावाखाली ‘माजुरो’ लिहिलेलं होतं, म्हणजे त्या देशाची राजधानी, बोटीच्या नोंदणीचं गाव. तुमच्यापैकी कितीतरी जण आज, या घडीला, त्याच शब्दाच्या पुढ्यात झोपलेले असतील.

मेसरूममधला जुना विनोद तुम्हालाही माहीत असेल: बोट माजुरोची आणि सेकंड साब माजोरडा. माजुरोबद्दलचं आमचं ज्ञान तिथंच संपायचं. तिथं कधी जायचा प्रश्नच नव्हता, कारण बोटही कधी जाणार नव्हती. बोटींची नोंदणी करणारी त्यांची रजिस्ट्री चालते अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनियात. मालक ग्रीक किंवा जर्मन, खलाशी फिलिपिनो आणि आपण, माल चीनचा. माजुरोचा वाटा फक्त नावाचा. लायबेरिया आणि पनामासोबत जगातल्या पहिल्या तीन झेंड्यांत त्यांचं नाव असतं. देशाची वस्ती मात्र २०२१ च्या जनगणनेत साधारण ४२ हजार भरली. चिपळुणात याहून जास्त माणसं राहतात.

पत्र लिहायचं कारण म्हणजे मार्च २०१६ मधली एक संध्याकाळ. बोट सिंगापूरहून वर निघाली होती. उपग्रहावरून रोजचं बातमीपत्र यायचं, दोन पानांचं, ते मेसरूमच्या भिंतीवर लागायचं. त्यात चार ओळी होत्या: अण्वस्त्रांच्या प्रश्नावर मार्शल आयलंड्सनं भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलंय आणि सुनावणी सुरू झालीय. चार साबनं, म्हणजे फोर्थ इंजिनियरनं, ते मोठ्यानं वाचलं आणि टेबलावर हशा पिकला. आपण ज्यांच्या झेंड्याखाली चाललोय, त्यांनीच आपल्यावर केस टाकली! कुणीतरी म्हणालं, उतरवा मग तो झेंडा. बत्ती साब, म्हणजे बोटीचा इलेक्ट्रिशियन, म्हणाला, उतरवला तर पगार कोण देईल? तिथला वक्ता म्हणून टोनी डिब्रूम असं नाव छापलं होतं. आमचा कुक गोव्याचा. तो स्वयंपाकघरातून डोकं काढून म्हणाला, डिब्रूम? हा तर आमच्या साष्टीचा माणूस दिसतो.

मीही हसलो. ते हसणं मला पुढं फार महागात पडलं असं काही नाही. विसरूनच गेलो होतो. निवृत्त झाल्यावर कपाट आवरताना ते निळं पुस्तक हाती लागलं आणि त्या माणसाचं नाव आठवलं. मग वाचत गेलो.

कुकचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. आडनाव पोर्तुगीजच आहे. अझोर्स बेटांवरचा एक पोर्तुगीज दर्यावर्दी देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावरून एकोणिसाव्या शतकात त्या बेटांवर पोचला, तिथंच संसाराला लागला, आणि १८७७ मध्ये एका जर्मन भागीदाराबरोबर त्यानं लिकिएप नावाचं अख्खं प्रवाळबेट विकत घेतलं. पुढच्या पिढीनं तिथं लाकडी गलबतं बांधली. टोनी डिब्रूम, जन्म १९४५, याच घराण्यातले आणि याच लिकिएपवर वाढलेले. म्हणजे दर्यावर्दीचाच वंशज. आपल्यातलाच म्हणा ना.

प्रवाळबेट म्हणजे काय ते बोटीवरच्या माणसाला सांगायला नको, पण घरच्यांसाठी सांगतो. मधे खाजण, भोवती वाळूची आणि पोवळ्याची बारीक कडी, कड्यावर माड. अशी २९ कडी आणि ५ सुटी बेटं मिळून तो देश होतो. जमीन सगळी मिळून १८१ चौरस किलोमीटर, मुंबईच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी. समुद्र मात्र जवळपास वीस लाख चौरस किलोमीटर. जमिनीची उंची बहुतेक ठिकाणी दोनेक मीटर. तुमच्या बोटीचा पायलट लॅडर याहून उंच असतो.

या लोकांचे पूर्वज समुद्रात कसे फिरत हे नेव्हिगेशनवाल्यांनी जरूर बघावं. नारळाच्या हिरांचे नकाशे करत. हो, ज्या हिरांचा आपण खराटा बांधतो त्याच. वाकवलेले हीर म्हणजे बेटाला आपटून वळलेल्या लाटा, आणि जिथं बेट तिथं एक शिंपला बांधलेला. गंमत म्हणजे हा नकाशा होडीत नेतच नसत. घरी बसून पाठ करायचा आणि समुद्रात होडीच्या तळाला लागणाऱ्या लाटेवरून, अंगाला जाणवेल तसं, ओळखायचं की बेट कुठल्या अंगाला आहे. आपली दोन-दोन जीपीएस एकाच वेळी गेली की ब्रिजवर काय पळापळ होते ती आठवा!

तर १ मार्च १९५४. नऊ वर्षांचे टोनी पहाटे आजोबांबरोबर उथळ पाण्यात मासे धरत होते. आजोबांच्या हातात फेकायचं जाळं. एवढ्यात लखकन उजेड झाला, आवाज मागून आला, आणि सगळंच लाल झालं: आभाळ, पाणी, मासे, आजोबांचं जाळं. काचेच्या वाडग्याखाली उभं असावं आणि वरून कुणी रक्त ओतावं तसं, असं ते पुढं आयुष्यभर सांगत राहिले. स्फोट झाला होता बिकिनी बेटावर, तिथून साधारण साडेचारशे किलोमीटरवर. गोव्यातून मुंबईचा उजेड दिसावा, त्याहून थोडं जास्तच अंतर आहे ते.

अमेरिकेच्या त्या चाचणीचं नाव कॅसल ब्राव्हो. शास्त्रज्ञांनी अंदाज केला होता त्याच्या दुपटीहून जास्त ताकदीचा स्फोट झाला, १५ मेगाटन, म्हणजे हिरोशिमाच्या जवळजवळ हजारपट. वाऱ्यावर आलेली पांढरी राख शेजारच्या रोंगेलाप बेटावर पडली आणि मुलं तिच्यात खेळली. त्यांना तिथून हलवायला दोन दिवस लागले. त्याच भागात एक जपानी मासेमारी बोट होती, ‘फुकुर्यू मारू’, २३ माणसांची. त्यांच्या डेकवरही राख पडली. त्यांचा रेडिओवाला त्याच वर्षी सप्टेंबरात गेला. आपल्या धंद्यातली ही माणसं. पण सेफ्टीच्या तासाला कितीतरी अपघात शिकलो, हा कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

१९४६ ते १९५८ या बारा वर्षांत त्या बेटांवर एकूण ६७ स्फोट झाले. बिकिनीच्या १६७ लोकांना आधीच सांगून हलवलं होतं, मानवजातीच्या भल्यासाठी म्हणून. सगळ्या स्फोटांची बेरीज करून बारा वर्षांवर वाटली तर रोज दीड हिरोशिमा पडतो. हा हिशेब डिब्रूम सगळीकडे मांडायचे.

त्यांची कारकीर्द सगळी सांगत बसत नाही. हवाई विद्यापीठातून पदवी घेणाऱ्या पहिल्या काही मार्शलवासीयांपैकी ते एक. मग तरुणपणीच अमेरिकेशी स्वातंत्र्याच्या वाटाघाटी, पुढं तीनदा परराष्ट्रमंत्रिपद आणि मधे विरोधी बाकांवरची वर्षं. १९८६ मध्ये जो करार लागू झाला त्यात अणुचाचण्यांची भरपाई १५ कोटी डॉलर, पूर्ण आणि अंतिम, असं ठरलं. आता हे मला खटकतं आणि मी ते लपवत नाही: त्या वाटाघाटींच्या टेबलावर डिब्रूमही होते. राखेचा पसारा किती बेटांवर होता याची कागदं अमेरिकेनं तेव्हा दाखवली नव्हती; ती नव्वदच्या दशकात बाहेर आली. भरपाईसाठी नेमलेल्या लवादानं पुढं दोन अब्ज डॉलरहून जास्त रकमेचे निवाडे दिले, पण तिजोरीत पैसाच नव्हता. अपुरी कागदं बघून सही करायची वेळ आली की काय होतं, ते बंकर, म्हणजे बोटीचं तेल, घेताना आपण सगळ्यांनीच कधी ना कधी भोगलंय. डिब्रूम त्या कराराचं समर्थन करत बसले नाहीत, उरलेलं आयुष्य त्याच्यामागं लागले.

आता हेगकडे येतो. २४ एप्रिल २०१४ ला या चिमुकल्या देशानं नऊ अण्वस्त्रधारी देशांविरुद्ध एकदम अर्ज केले. मागणी पैशांची नव्हतीच. निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी मनापासून करा, एवढंच. अमेरिका, रशिया, चीन, फ्रान्स, इस्रायल, उत्तर कोरिया या सहांनी त्या न्यायालयाचा अधिकारच सरसकट मानलेला नसल्यानं ते घरीच राहिले. मानला होता तिघांनी: ब्रिटन, पाकिस्तान आणि आपण. म्हणून आपण कोर्टात. नियम पाळणाऱ्यालाच पावती फाटते, तसलाच प्रकार.

आपल्या बाजूनं जे वकील उभे राहिले त्यांत नागपूरचे हरीश साळवे होते. न्यायपीठावर दलवीर भंडारी होते, पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले. भारताचं म्हणणं पोकळ नव्हतं. निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी व्हाव्यात असं भारत संयुक्त राष्ट्रांत कितीतरी वर्षं म्हणतो आहे, आणि ज्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर आपली सहीच नाही तो आपल्याला लावायचा कसा? मला विचाराल तर कायद्याच्या अंगानं भारताची बाजू मजबूत होती. ५ ऑक्टोबर २०१६ ला निकालही आपल्या बाजूनं लागला, नऊ विरुद्ध सात. ब्रिटनच्या खटल्यात तर आठ-आठ अशी बरोबरी झाली आणि अध्यक्षांच्या जादा मतावर सुटका झाली. न्यायालय म्हणालं, अर्ज आला त्या दिवशी दोन देशांत ‘वाद’ असल्याचं दिसत नाही. नऊ वर्षांच्या पोराच्या डोळ्यांसमोर आभाळ लाल झालं आणि बासष्ट वर्षांनी उत्तर आलं की वादच नव्हता. आपण जिंकलो याचा मला राग नाही. मेसरूममध्ये हसलो याची मात्र लाज वाटते.

पॅरिसचा किस्सा हेगच्या सुनावणीच्या तीन महिने आधीचा. डिसेंबर २०१५, हवामान परिषद. डिब्रूम नोव्हेंबरमधल्या निवडणुकीत स्वतःच्या मतदारसंघात पडले होते. नवं सरकार जानेवारीत येणार, तोवर मंत्रिपद शाबूत. आपल्याकडे असा मंत्री बंगला कधी सोडायचा याच चिंतेत असता! हा गडी पॅरिसला गेला. गाजावाजा न करता काही महिन्यांपासून जमवलेली मोट तिथं उघड केली: युरोप, अमेरिका, आफ्रिकेतले आणि कॅरिबियनमधले देश मिळून शंभरावर. तापमानवाढ दोन अंशांवर थांबवा असं सगळे म्हणत होते. दोन अंशांत आम्ही बुडतो, दीड लिहा, असा यांचा हट्ट. १२ डिसेंबरला हे सगळे मिळून सभागृहात शिरले तेव्हा कोटावर माडाच्या पातीची छोटी विणलेली पट्टी लावलेली होती. शेवटच्या बैठकीत आपली बोलायची वेळ त्यांनी सेलिना लीम या अठरा वर्षांच्या मुलीला देऊन टाकली. करारात दीड अंशाचा उल्लेख आला.

भारत त्या गटात नव्हता. आपल्या शिष्टमंडळाचे प्रमुख होते पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर, पुण्याचे. म्हणजे चार महिन्यांत दोनदा, एकदा पॅरिसला आणि एकदा हेगला, समोर मराठी माणूस. भारताचा मुद्दा होता की ज्यांनी दीडशे वर्षं धूर केला त्यांनी आधी किंमत मोजावी. तो मुद्दा मला आजही पटतो. पण माडाची पाती लावून उभ्या असलेल्या माणसाला तो ऐकवताना मला तरी अवघड गेलं असतं.

आणि आता आपल्या पोटाचा विषय. पॅरिस करारातून जहाजांचा धूर गाळला गेला. जगाच्या एकूण धुरात आपला हिस्सा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. त्याच वर्षी मे महिन्यात डिब्रूम लंडनला, थेम्सकाठच्या आयएमओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या, इमारतीत गेले होते. तिथं मार्शल आयलंड्सच्या खुर्चीवर एरवी रजिस्ट्रीची माणसं बसत. त्या दिवशी परराष्ट्रमंत्री स्वतः बसले आणि म्हणाले, जहाजांच्या धुराला आकड्यात मर्यादा घाला. आपल्याच झेंड्याखालच्या हजारो बोटींच्या मालकांना न आवडणारी गोष्ट. ज्या फीवर सरकारी तिजोरीला हातभार लागतो तिच्यावरच पाय. झेंडा भाड्यानं देणाऱ्या देशानं धुराबद्दल कशाला बोलावं, असं तेव्हा म्हटलं गेलं आणि आजही आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर म्हटलं जातं. मला उलट वाटतं. भाडं घेऊनही ज्याला बोलावंसं वाटलं, त्याचं ऐकायला हवं होतं.

तेव्हा काही झालं नाही. २०१८ मध्ये निम्म्यानं कपातीचं लक्ष्य ठरलं, २०२३ मध्ये साधारण २०५० पर्यंत निव्वळ शून्य. हे बघायला डिब्रूम नव्हते. २२ ऑगस्ट २०१७ ला ते माजुरोतच गेले, वय ७२. ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनला धुराला दाम लावायचा नियम मंजूर व्हायचा होता, तो वर्षभर पुढं ढकलला. धुराच्या हिशेबावरून बोटीला मिळणारं सीआयआयचं ए ते ई असं ग्रेडिंग, इंजिनाला बसवलेला पॉवर लिमिटर, ऑफिसातून येणाऱ्या दहा-दहा मेल या सगळ्याला आपण शिव्या घालतो. मीही घातल्या. हे झेंगट सुरू कुठून झालं, तर बऱ्याच अंशी त्या खुर्चीवरून, तुमच्या पिछाडीवर ज्याच्या गावाचं नाव आहे त्या माणसाकडून.

आता माझी कबुली. इंजिनवाल्यांनो, तुम्हाला ठाऊक आहे बडा साबच्या खिशात तेल असतं. हवामान चांगलं असलं की रोज दुपारी जाणाऱ्या नून रिपोर्टमध्ये दीड-दोन टन जास्त जाळल्याचं लिहायचं, आणि ते वाचलेलं वाईट दिवसांसाठी राखायचं. माझ्या खिशात एकदा चाळीस टन होतं; रिलीव्हरला हँडओव्हर करताना कानात सांगितलं. त्यात चोरी नव्हती, तेल बोटीतच राहायचं, आणि ज्याच्या खिशात तेल नाही तो कच्चा बडा साब समजला जायचा. पण २०१९ पासून पाच हजार टनांवरच्या प्रत्येक बोटीचा वर्षाचा तेलाचा आकडा आयएमओकडे जातो, आणि त्याच आकड्यांवर लंडनमध्ये ही सगळी भांडणं चालतात. आता तर ग्रेड सुधारावी म्हणून उलटी गंमत, कमी जाळल्याचं लिहायचा दबाव. त्या कागदावर खाली सही तुमची असते, व्हर्जिनियाची किंवा मालकाची नाही. तेवढा आकडा खरा लिहा. ज्युनियरला साउंडिंग घ्यायला, म्हणजे टाकीतलं तेल मोजायला, पाठवता तेव्हा टेपवर जे दिसलं तेच लिहू द्या. माझी पहिली विनंती एवढीच, आणि ती मी पाळली नाही म्हणून करतोय.

दुसरी विनंती ट्रेनिंगला शिकवणाऱ्या मंडळींना. पोरांना फ्लॅग स्टेट, म्हणजे बोट ज्याच्या झेंड्याखाली असते तो देश, शिकवता तेव्हा बोर्डावर माजुरो लिहून पुढं जाता. तिथं दहा मिनिटं थांबा. हिरांचा नकाशा दाखवा, ब्राव्होची राख सांगा, हेगमध्ये आपण समोरच्या बाजूला होतो हेही सांगा. १ मार्च हा त्या देशात स्मृतिदिन असतो. त्या दिवशी माजुरोच्या बोटीवर असलेल्या कॅडेटला एवढं तरी माहीत असावं की आज आपल्या झेंड्याचं घर कुणाची आठवण काढतंय.

आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला बंधाऱ्याचे चार-पाच धोंडे आत आले आणि शेजारच्या काकांचा एक माड आडवा झाला. धूपप्रतिबंधक बंधारा वाढवायचा अर्ज गेलाय. २०१४ मध्ये डिब्रूमनी हवामान वाटाघाटींत सांगितलं होतं की त्यांच्याकडे भरतीनं कबरी उकरल्या आणि महायुद्धातल्या २६ जपानी सैनिकांची हाडं उघडी पडली. काका म्हणाले, आपलं स्मशान तरी वर आहे, बरं आहे.

ड्रायडॉकमध्ये तुम्ही पिछाडीचं नाव बदलताना बघितलं असेल. झेंडा बदलला की जुनी अक्षरं घासून काढतात, वर नवी अक्षरं वेल्ड करतात आणि पांढरा रंग देतात. माझी शेवटची बोट मी उतरलो त्यानंतर वर्षभरात दुसऱ्या झेंड्याखाली गेली. ज्या पोरानं तिथला फोटो पाठवला, तो पंपमॅन आहे, दापोलीचा. नवं नाव ठळक आहे, पण उन्हात तिरकं बघितलं की खालचं अजून वाचता येतं. त्याला मी विचारलं, खाली काय लिहिलंय? तो म्हणाला, तुमचं माजुरो, साब.

आपला,
एक निवृत्त बडा साब
गुहागर तालुका